पत्ता कोण देतं: राऊटर, सर्व्हर की कॉम्प्युटर स्वतःच?

ह्या वेळी पत्रं बरीच आली आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीवर, व्ही६ चे पत्ते (इंटरनेटच्या आयपी पत्त्यांची नवी पद्धत, जुनी ती व्ही४). दोन-चार वर्षांपूर्वी हा प्रश्न कोल्हापुरात कुणी विचारला नसता, पण आता फायबरवाले कनेक्शनसोबतच व्ही६ देतात त्यामुळं ते घरात, दुकानात, कारखान्यात गुपचूप चालू झालंय आणि लोकांना अचानक लांबलचक पत्ते दिसायला लागलेत. तर आज तेवढंच घेऊया.

प्रश्न (शिरोली एमआयडीसी, फौंड्रीचं ऑफिस): नमस्कार सर. आमच्याकडं ऑफिसातल्या सर्व्हरवर डीएचसीपीव्ही६ (व्ही६ चे पत्ते वाटणारा प्रोग्रॅम) चालू केला, पीसीना पत्ते बरोबर मिळायला लागले. पण एका एका पीसीवर तीन-तीन व्ही६ पत्ते दिसतात. सर्व्हर बंद करून पीसी रिस्टार्ट केले तरी त्यातले दोन तसेच. मग पत्ता देतंय तरी कोण? सर्व्हरकडनं घ्यायचा का स्वतः बनवायचा हे पीसी कशावरनं ठरवतो? मालक म्हणतात सर्व्हर घेतलाय तर सगळं त्याच्याच हातात पाहिजे.

उत्तर: दादा, मालकांचं म्हणणं व्ही४ च्या सवयीतनं आलंय. तिथं डीएचसीपी सर्व्हर म्हणजे एकटा मालक, तोच पत्ता देणार, तोच मास्क (पत्त्यातला किती भाग नेटवर्कचा ते), तोच गेटवे (नेटवर्कबाहेर जायचं दार), तोच डीएनएस (साईटच्या नावावरनं पत्ता शोधून देणारा). व्ही६ मध्ये असं नाही. तिथं आधी बोलतो तो राऊटर, सर्व्हरचा नंबर नंतर, आणि तोसुद्धा राऊटरनं सांगितलं तर.

काय होतं बघा. पीसीला केबल लावली की तो कुणाला न विचारता एफई८० नं सुरू होणारा एक पत्ता स्वतःचा स्वतः बनवतो, हा फक्त त्याच वायरीपुरता चालतो. बनवला की लगेच वापरत नाही, आधी नेटवर्कवर विचारतो, हा पत्ता कुणाकडं आहे का? साधारण एक सेकंद थांबतो, कुणी ओ दिली नाही तर पत्ता आपला. मग तो राऊटरला हाक मारतो, उत्तर आलं नाही तर चार-चार सेकंदांनी जास्तीत जास्त तीनदा. आणि राऊटर जे उत्तर देतो त्याला राऊटर अ‍ॅडव्हर्टाइजमेंट म्हणतात, मी आपलं सोपं पडावं म्हणून त्याला दवंडी म्हणतो, कारण ती एकट्या पीसीसाठी नसते, राऊटर अधूनमधून सगळ्यांसाठी आपणहून पण पिटत असतो.

सगळी मेख ह्या दवंडीत आहे. तिच्यात एक एम फ्लॅग (चालू-बंदची खूण) असतो, एक ओ फ्लॅग असतो आणि प्रत्येक प्रिफिक्ससोबत (पत्त्याचा सुरुवातीचा, अख्ख्या नेटवर्कला सारखा असलेला भाग) वेगळा एक ए फ्लॅग असतो. एम चालू म्हणजे 'पत्ते डीएचसीपीव्ही६ कडं मिळतात'. ओ चालू म्हणजे 'पत्ता नाही पण डीएनएस वगैरे बाकीची माहिती तिथं मिळेल', आणि एम चालू असेल तर ओ ला काही अर्थच उरत नाही, कारण पत्ता देणारा सर्व्हर बाकीचं पण देऊ शकतो. ए चालू म्हणजे 'हा प्रिफिक्स घे आणि पुढचा निम्मा पत्ता तुझा तू बनव', ह्यालाच स्लॅक म्हणतात आणि त्यासाठी आपल्या नेहमीच्या इथरनेट नाहीतर वायफायवर प्रिफिक्स बरोबर स्लॅश ६४ चाच, म्हणजे ६४ बिट लांबीचाच लागतो, ६५ नाही ६३ नाही.

आता तुमची भानगड. एम आणि ए हे एकमेकांचे विरुद्ध नाहीत. बहुतेकांना वाटतं एक चालू केला की दुसरा आपोआप बंद होतो, तसं अजिबात नाही. तुमच्या राऊटरवर दोन्ही चालू आहेत म्हणून पीसी दोन्हीकडनं घेतोय: एक सर्व्हरचा, एक स्वतः बनवलेला कायमचा, आणि एक तात्पुरता, जो बाहेरच्या साईटनी आपल्याला ओळखू नये म्हणून विंडोज आपणहून बनवतं आणि साधारण रोज बदलत राहतं. सर्व्हर बंद केला तेव्हा पहिला गेला, बाकीचे दोन राहिले, कारण त्यांचा सर्व्हरशी संबंधच नव्हता.

खात्री करायची असेल तर कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारा. ज्या व्ही६ पत्त्याखाली लीज (पत्ता वापरायची मुदत) कधी मिळाली, लीज कधी संपणार अशा ओळी दिसतील तो सर्व्हरचा. ज्याच्या आधी टेम्पररी लिहिलंय तो तात्पुरता. उरलेला स्लॅकचा. आणि दवंडीत काय आलं ते बघायचं असेल तर नेटशेलमध्ये (विंडोजची नेटएसएच कमांड) त्या इंटरफेसची, म्हणजे नेटवर्क कार्डाची माहिती काढा, 'मॅनेज्ड ॲड्रेस कॉन्फिगरेशन' म्हणजे एम आणि 'अदर स्टेटफुल कॉन्फिगरेशन' म्हणजे ओ, चालू की बंद ते समोर लिहिलेलं असतं. ए मात्र तिथं दिसत नाही. त्यासाठी वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट उघडून दाखवणारा प्रोग्रॅम) लावून आयसीएमपीव्ही६ चं १३४ नंबरचं पॅकेट, म्हणजे दवंडीच, उघडायचं आणि आतला प्रिफिक्स इन्फर्मेशन नावाचा भाग बघायचा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि सर्व्हरच्या सेटिंगमध्ये दिवसभर डोकं घालण्यापेक्षा लई बरं.

म्हणजे एकच पत्ता पाहिजे असेल तर सर्व्हरला हात लावू नका, राऊटरवर ए बंद करा. पण थांबा, खालचं दुसरं उत्तर वाचल्याशिवाय करू नका.

आणि पीसी ठरवतो कसा, ह्याचं खरं उत्तर असं की दवंडी हा हुकूम नाहीच, ती नुसती माहिती आहे. १९९८ च्या आरएफसी २४६२ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले कागद) एम आणि ओ बघून होस्टनं, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या यंत्रानं, काय करायचं ते लिहिलेलं होतं. २००७ मध्ये आरएफसी ४८६२ आली तेव्हा तो मजकूर काढून टाकला. फ्लॅग राहिले, पण ते बघून नेमकं काय करायचं हे त्यात उरलं नाही. म्हणून एम आधी चालू होता आणि नंतर बंद केला तर आधीचा सर्व्हरचा पत्ता सोडायचा का ठेवायचा, ह्यावर वेगवेगळ्या सिस्टीम वेगवेगळं वागतात. शेवटी ठरवते ती त्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम. मालकांना हे पटणार नाही, पण आहे ते असं आहे.

प्रश्न (राजारामपुरी, अभ्यासिका): सर, मी मुला-मुलींसाठी अभ्यासिका चालवते. वायफाय बसवणाऱ्यानं सांगितलं की कोणता पत्ता कुणाला दिला ह्याची नोंद पाहिजे तर स्लॅक बंद करून फक्त डीएचसीपीव्ही६ ठेवा. तसं केलं. आता लॅपटॉपना व्ही६ मिळतं, आयफोनला मिळतं, पण अँड्रॉइडच्या एकाही फोनला मिळत नाही. फोन तर नव्वद टक्के अँड्रॉइडच आहेत. राऊटर बदलू का?

उत्तर: ताई, राऊटर बदलू नका, पैसे वाया जातील. अँड्रॉइड डीएचसीपीव्ही६ कडनं पत्ता घेतच नाही. हा बिघाड नाही, गूगलनं जाणूनबुजून ठेवलेली गोष्ट आहे आणि ह्यावरनं नेटवर्कवाल्यांची वर्षानुवर्षं भांडणं चाललीत. गूगलचं म्हणणं असं की सर्व्हरनं फोनला एकच पत्ता मोजून दिला तर पुढं हॉटस्पॉट चालवायला, किंवा व्ही६ वरनं व्ही४ च्या साईट उघडायची जी सोय फोनमध्ये असते तिला, जास्तीचे पत्ते मिळत नाहीत. २०१६ च्या आरएफसी ७९३४ मध्ये पण हेच सांगितलंय, की नेटवर्कनं एका यंत्राला एकच पत्ता देऊन अडवून ठेवू नये.

मला विचाराल तर गूगलचा मुद्दा बरोबर आहे पण हट्ट जरा जास्तच झाला. मोठ्या ऑफिसांना नोंदी ठेवाव्या लागतात, तिथल्या माणसानं काय करायचं? अलीकडं गूगलवाल्यांनी मधला रस्ता काढला: सर्व्हरनं फोनला एक पत्ता न देता अख्खा प्रिफिक्सच द्यायचा, मग फोन त्यातनं पाहिजे तेवढे पत्ते बनवेल. आरएफसी ९६६३ मध्ये ही पद्धत आहे आणि अँड्रॉइडनं पण ती घेतलीय. पण त्यासाठी प्रत्येक फोनमागं स्लॅश ६४ चा एक प्रिफिक्स लागतो आणि तुमच्या फायबरवाल्यानं तुम्हाला मुळात एकच दिला असेल तर वाटणार काय? अभ्यासिकेसाठी ते विसरा.

तुम्ही ए परत चालू करा, एम बंद करा, ओ चालू ठेवा. म्हणजे पत्ते सगळे स्वतः बनवतील. डीएनएस मात्र दोन्हीकडनं द्या, दवंडीतनं पण आणि सर्व्हरकडनं पण. दवंडीत डीएनएस घालायची सोय २०१० च्या आरएफसी ६१०६ पासून रीतसर आहे पण विंडोजला ती २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासनंच कळते, त्यामुळं कुणी जुना लॅपटॉप घेऊन आला तर तो सर्व्हरकडनं घेईल, आणि अँड्रॉइड दवंडीतनं घेईल. एकाच ठिकाणी दिला तर कुणीतरी उपाशी राहणार हे नक्की.

राहिली नोंद. कुठला पत्ता कुठल्या मशीनचा हे राऊटरच्या नेबर टेबलमध्ये असतं, तिथं पत्त्यासमोर मॅक नंबर (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) दिसतो. बऱ्या राऊटरमधनं ही यादी ठरावीक वेळानं काढून ठेवता येते. आता फोन मॅक नंबर पण बदलून वापरतात म्हणा, पण ती अडचण सर्व्हर ठेवला तरी आहेच, डीएचसीपी लावला म्हणजे माणूस सापडला असं होत नसतं. माणूस सापडायला पाहिजे तर वायफायला लॉगिन ठेवा, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड.

आणि फौंड्रीवाले दादा, आता तुमचं. ऑफिसात फक्त विंडोजचे पीसी असतील तर ए बंद करून मालकांचं समाधान करा. पण सुपरवायझर लोक फोनवर काही बघत असतील तर फोनांसाठी वेगळं वायफाय नेटवर्क करा आणि तिथं ए चालू ठेवा.

प्रश्न (लक्ष्मीपुरी, कॉम्प्युटर क्लास): एक पीसी नीट सेट करून त्याची इमेज (अख्ख्या डिस्कची नक्कल) बाकीच्या सगळ्या पीसीवर टाकली. व्ही४ मस्त चालतंय. डीएचसीपीव्ही६ मध्ये मात्र येड लागायची पाळी आलीय, एकाला पत्ता मिळाला की दुसऱ्याला मिळत नाही, कधी पत्ता डुप्लिकेट म्हणतंय. सर्व्हरवर मॅक नंबर टाकून पत्ता बांधून द्यायचा म्हटलं तर मॅकचा रकानाच नाही!

उत्तर: रकाना नाही कारण डीएचसीपीव्ही६ मॅकवरनं ओळखतच नाही. तिथं ओळख म्हणजे डीयूआयडी, मशीनचा एक लांबडा नंबर, जो एकदा तयार झाला की डिस्कवर साठवून ठेवतात आणि नंतर नेटवर्क कार्ड बदललं तरी तोच राहतो. तुम्ही इमेज टाकली तेव्हा हा नंबर पण सगळ्यांकडं गेला. सर्व्हरच्या दृष्टीनं आता तुमच्या लॅबमध्ये एकच पीसी आहे, जो सारखा सारखा येऊन पत्ता मागतोय, म्हणून तो बिचारा प्रत्येक वेळी तोच पत्ता देतो. दुसरा पीसी तो पत्ता वापरायच्या आधी नेटवर्कवर विचारतो, पहिला ओ देतो, की झालं डुप्लिकेट.

उपाय सोपा आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीत टीसीपीआयपी६ च्या पॅरामीटर्समध्ये डीएचसीपीव्ही६ डीयूआयडी नावाची नोंद असते, ती प्रत्येक पीसीवर उडवायची आणि पीसी रिस्टार्ट करायचा, नवीन नंबर तयार होतो. पुढच्या वेळी इमेज काढायच्या आधीच उडवा म्हणजे हे काम परत नको. लिनक्सच्या लॅबमध्ये पण असंच होतं, तिथं बऱ्याच ठिकाणी हा नंबर मशीन आयडीच्या फाईलवरनं बनतो, इमेज काढताना ती फाईल रिकामी करायची.

आणि खरं सांगू का, क्लाससाठी डीएचसीपीव्ही६ पाहिजेच कशाला? शिकवायला पाहिजे असेल तर दोन पीसीवर ठेवा, बाकी लॅब स्लॅकवर सोडा, डोक्याला ताप नाही.

प्रश्न (शाहू मार्केट यार्ड, गुळाची पेढी): आमच्याकडं लाईट गेली की राऊटर बंद पडतो, कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर असल्यामुळं चालू राहतात. लाईट आल्यावर राऊटर चालू होतो, सगळे दिवे हिरवे, पण नंतर बराच वेळ काही साईट उघडतात काही नुसत्या फिरत बसतात. कॉम्प्युटर रिस्टार्ट केला की ठीक. सौद्याच्या टायमाला हे झालं की लई वैताग येतो.

उत्तर: साहेब, तुमच्या पत्रातलं 'कॉम्प्युटर चालू राहतात' हेच महत्त्वाचं. राऊटर परत चालू झाला की तुमचा इंटरनेटवाला त्याला नवीन प्रिफिक्स देतोय. राऊटर नव्या प्रिफिक्सची दवंडी पिटतो, कॉम्प्युटर नवीन पत्ता बनवतो. पण जुना गेला हे कॉम्प्युटरला कुणी सांगितलंच नाही, कारण सांगणारा राऊटर अचानक बंद पडला आणि उठल्यावर त्याला स्वतःलाच जुनं काही आठवत नाही. मग कॉम्प्युटर कधी नव्या पत्त्यावरनं बोलतो, कधी जुन्या. जुन्यावरनं बोललं की उत्तर तुमच्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून फिरत बसतं.

जुना पत्ता किती दिवस राहतो? दवंडीत प्रत्येक प्रिफिक्सला दोन मुदती असतात. एक, कुठवर हा पत्ता नव्या कामाला वापरायचा. दुसरी, कुठवर हा पत्ता मुळात जिवंत धरायचा. मूळ ठरलेल्या किमती आहेत ७ दिवस आणि ३० दिवस! ज्यांनी हे ठरवलं त्यांच्याकडं लाईट जात नसावी. बरं, कुणी खोटी दवंडी पिटून सगळ्यांचे पत्ते एका झटक्यात मारू नयेत म्हणून नियमच असा केलाय की शिल्लक मुदत दोन तासांपेक्षा जास्त असेल तर साध्या दवंडीनं ती दोन तासांच्या खाली आणता येत नाही. 'नव्या कामाला वापरू नको' एवढं मात्र लगेच सांगता येतं, आणि तुमच्या त्रासाला तेवढं पुरेसं आहे, पण ते सांगायला राऊटरला जुना प्रिफिक्स आठवायला पाहिजे.

हा त्रास जगभर सगळ्यांनाच झाला म्हणून २०२१ मध्ये आरएफसी ९०९६ निघाली. तिच्यात घरगुती राऊटरसाठी ह्या मुदती ४५ मिनिटं आणि ९० मिनिटं अशा खाली आणल्यात, आणि राऊटरनं जुना प्रिफिक्स लिहून ठेवावा, उठल्यावर तो रद्द झाल्याचं सांगावं असंही म्हटलंय. तुमचा राऊटर नवा असेल तर अपडेट मारून बघा. नसेल तर सेटिंगमध्ये लॅन, व्ही६ अशा नावाखाली प्रिफर्ड आणि व्हॅलिड लाईफटाइम सापडतात का बघा, आणि सेकंदात २७०० आणि ५४०० टाका.

पण सगळ्यात आधी राऊटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. वायरमनला बोलवा, अर्ध्या तासाचं काम. लाईट गेली तरी राऊटर झोपणारच नाही, मग प्रिफिक्स बदलायचा प्रश्न येत नाही. इंटरनेटवाल्याला कायमचा प्रिफिक्स मागा, काहीजण देतात, काहीजण त्याचे वेगळे पैसे मागतात.

प्रश्न (गुजरी, सराफी दुकान): डीएचसीपीव्ही६ सर्व्हरमध्ये गेटवे कुठं टाकायचा? सगळं शोधलं, सापडत नाही.

उत्तर: सापडणार नाही, डीएचसीपीव्ही६ मध्ये तो पर्यायच नाही. गेटवे कळतो तो फक्त राऊटरच्या दवंडीतनं. प्रिफिक्सची लांबी पण सर्व्हर सांगत नाही, म्हणून लिनक्सवर सर्व्हरकडनं आलेल्या पत्त्यापुढं स्लॅश १२८ दिसतं, ते बघून घाबरू नका. दवंडी बंद करून नुसत्या सर्व्हरवर व्ही६ चालवायचं कुणी सुचवलं असेल तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

प्रश्न (शिवाजी विद्यापीठाजवळचं खाजगी हॉस्टेल): मुलांच्या खोल्यांत स्विचवरनं लॅन दिलंय. अधूनमधून सगळ्यांचं नेट स्लो होतं आणि गेटवेमध्ये दुसराच कुठलातरी एफई८० पत्ता दिसतो, आमच्या राऊटरचा नाही. व्हायरस असेल का?

उत्तर: असूही शकतो पण बहुतेक नसणार. कुठल्यातरी पोरानं लॅपटॉपवर इंटरनेट शेअरिंग चालू केलंय नाहीतर घरनं आणलेला राऊटर भिंतीतल्या पॉइंटला उलटा (वायर चुकीच्या पोर्टला) लावलाय, आणि त्या यंत्रानं आपली दवंडी पिटायला सुरुवात केलीय. होस्ट दवंडी कुणाची आहे हे तपासत नाही, येईल ती ऐकतो, आणि दोन राऊटर दिसले की दोघांनाही गेटवे म्हणून धरतो. मग अख्ख्या मजल्याचं ट्रॅफिक एका लॅपटॉपमधनं जायला लागतं. तुम्ही डीएचसीपीव्ही६ लावलं तरी ह्यातनं सुटका नाही, कारण गेटवे तिथनं येतच नाही, वर सांगितलं तसं.

आधी माणूस शोधा. जो परका एफई८० पत्ता दिसतोय त्याचा मॅक नंबर कुठल्याही पीसीच्या नेबर टेबलमध्ये सापडेल, मग स्विचमध्ये बघा तो मॅक कुठल्या पोर्टवर आहे, पोर्टवरनं खोली कळेल. पोराला ओरडू नका, त्याला स्वतःला बहुतेक माहितीच नसेल. मग स्विचमध्ये आरए गार्ड नावाची सोय आहे का बघा, २०११ च्या आरएफसी ६१०५ मध्ये ती सांगितलीय. ती चालू केली की ज्या पोर्टवर तुमचा खरा राऊटर आहे तिथनंच दवंडी पुढं जाते, बाकीच्या पोर्टवरनं आलेली स्विच तिथल्या तिथं टाकून देतो. साध्या स्वस्त स्विचमध्ये ही सोय नसते, मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच लागतो. तेवढं बजेट नसेल तर तात्पुरतं म्हणून राऊटरच्या दवंडीत प्राधान्य 'हाय' करून ठेवा, मधल्या प्राधान्याच्या फुकट्या दवंडीपेक्षा बहुतेक मशीन तुमच्याच राऊटरला धरतील. समोरच्यानं पण हाय लावला असेल तर मात्र परत खोली शोधणं आलं.

प्रश्न (कळंबा, घरगुती): पत्ता १६९.२५४ नं सुरू होतोय आणि नेट नाही. हे पण स्लॅक का?

उत्तर: नाही, हा व्ही४ चा पत्ता आहे. डीएचसीपी सर्व्हरकडनं काहीच उत्तर आलं नाही की कॉम्प्युटर हा स्वतः घेतो, फक्त त्याच वायरीपुरता. व्ही६ मधला एफई८० नेहमीच असतो आणि असायलाच पाहिजे, हा मात्र दिसला की समजायचं राऊटरपर्यंत आपण पोचलेलोच नाही. केबल काढून परत लावा, क्लिपचा टक्क आवाज येईपर्यंत. नाही जमलं तर राऊटरचा दुसरा पोर्ट वापरून बघा.